टिग वेल्डिंग घरी जरूर करा, पण तो फोटो बघून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी छोटं वर्कशॉप थाटणाऱ्या हौशी मंडळींवर लेख आला होता. दिवसभर पडद्यासमोर बसणारी माणसं संध्याकाळी हातात हत्यार घेतात, हे वाचून मनापासून बरं वाटलं. पत्र लिहायला बसले ते मात्र लेखासोबतच्या फोटोमुळे. फोटोतला तरुण गॅरेजमध्ये टिग वेल्डिंग करतोय, म्हणजे टंगस्टनच्या टोकापासून निघणाऱ्या विजेच्या झोताने (आर्कने) वायूच्या पडद्याआड धातू वितळवून जोडतोय. बिनबाह्यांचा टी-शर्ट, पायांत स्लिपर आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल म्हणजे उन्हात घालतात तो. खाली ओळ अशी, की पंधरा हजारांत कुणालाही याची सुरुवात करता येते.

मी भोसरीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दुधाच्या, सरबताच्या, औषधी सिरपच्या टाक्या. वेल्डिंग करणं हे माझं काम नव्हतं, दुसऱ्याने केलेल्या वेल्डिंगमधली खोट काढणं हे काम होतं. पुण्यात खोट काढायचा पगारही मिळतो, यावर आमच्या नातेवाइकांनी पुष्कळ विनोद करून घेतले. निवृत्तीनंतर सहकारनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी स्वतः टॉर्च, म्हणजे टंगस्टन धरणारी वेल्डिंगची मूठ, हातात घेतला. तेव्हा घरी टिग करूच नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण सवय जात नाही, त्या फोटोचीही तपासणी झालीच.

सर्वांत मोठी खोट गॉगलची. टिग वेल्डिंग दिसायला फार सोज्वळ असतं. रॉड वेल्डिंगमध्ये धूर, तडतड, उडणाऱ्या ठिणग्या असं सगळं इतकं अंगावर येतं की माणूस आपोआप मागे सरकतो. टिगला आवाज कमी, धूर जवळजवळ नाही, ठिणगी उडत नाही. पण धूर नाही म्हणूनच अतिनील किरणांना मध्ये अडवणारं काही नसतं, आणि चकचकीत पत्र्यावरून ते उलट आपल्याच चेहऱ्यावर येतात. उन्हाच्या गॉगलने उजेड थोडा सुसह्य होतो, म्हणून माणूस जास्त वेळ बघत राहतो. बाजू तर उघड्याच असतात. त्या वेळी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेकदा ऐन मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिवा सोसवत नाही. कारखान्यात याला ‘आर्क लागला’ म्हणतात. त्यावर बटाट्याच्या चकत्या आणि कच्चं दूध हे उपाय अजून चालू आहेत. बुबुळाच्या वरच्या नाजूक थराला पोळलेलं असतं ते. साधारण एक-दोन दिवसांत भरून येतं, पण डोळ्यांत दूध घालण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून परस्पर घालत बसू नये. दुखणं थांबतं आणि जखम चिघळते.

काळी काच नऊ ते बारा नंबरची हवी. घरी चालतं ते पन्नास ते शंभर अँपिअरचं काम. त्याला दहा-अकरा बरी पडते. वितळलेला ठिपका दिसेनासा झाला तर एक नंबर उतरावा, आठच्या खाली नाही. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेणार असाल तर दुकानदाराला एकच विचारा: टिगला किती कमी अँपिअरपर्यंत चालतं? काही स्वस्त हेल्मेटं कमी अँपिअरचा आर्क ओळखतच नाहीत, काही मध्येच उघडतात. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. उघड्या राहिलेल्या गळ्याला संध्याकाळपर्यंत लालबुंद त्रिकोण उमटतो. फोटोत मागची भिंत पांढरीशुभ्र ऑइलपेंटची होती, तीही किरण परतवते आणि ते हेल्मेटच्या मागून आत शिरतात. आणि गॅरेजच्या दारात जमणारी गल्लीतली पोरं? त्यांच्यासाठी दारात जाड पडदा लावा, पण दार बंद करू नका. हवा खेळती हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. हौशी माणसाने घाबरून जाऊ नये, पण बिनबाह्यांचा टी-शर्टही घालू नये.

पत्र लांबणार असं दिसतंय. कात्री चालवलीत तर माझी हरकत नाही, वरचे दोन परिच्छेद तेवढे ठेवा.

आता ते पंधरा हजार. तेवढ्यात एक बऱ्यापैकी डीसी इन्व्हर्टर मशीन, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देणारं वेल्डिंग मशीन, येतं, हे खरं. त्यात आर्गॉन वायूची टाकी (सिलिंडर), तिचं डिपॉझिट, रेग्युलेटर, हेल्मेट, हातमोजे, टंगस्टन, टॉर्चच्या तोंडाला लागणारे सिरॅमिकचे कप, जोडात भरायच्या फिलरच्या तारा, ग्राइंडर यातलं काही नसतं. मशीनइतकीच रक्कम बाजूला ठेवूनच दुकानात जावं. मशीनवर ठळक २०० अँपिअर लिहिलेलं असतं. घरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर ते दोनशे मिळणार नाहीत, आणि लागणारही नाहीत. साध्या लोखंडी पत्र्याला जाडीच्या दर मिलिमीटरमागे साधारण ४० अँपिअर धरतात, स्टेनलेसला थोडे कमी. दोन मिलिमीटरच्या पत्र्याचं काम सत्तर-ऐंशीत होतं. शंभर अँपिअरला आर्कवर जेमतेम १४ व्होल्ट असतात, म्हणजे दीड किलोवॅटच्या आत; मशीनमध्ये जे वाया जातं ते धरूनही गीझरच्या पॉइंटवर भागतं. मात्र अर्थिंग तपासून घ्या, आणि टीव्हीचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवणारं मशीन आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

खरं तर आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: टिग हवंच कशाला? कुंड्यांचा स्टँड, गच्चीचं फाटक, टेबलाची फ्रेम, मांडवाची कमान, याला रॉड वेल्डिंग पुरतं, स्वस्त पडतं आणि गंजाचे थोडेफार लाड चालवून घेतं. त्याच इन्व्हर्टरला होल्डर लावला की रॉड चालतो. टिगची मजा पातळ कामात: स्टेनलेसचा पत्रा, सायलेन्सरचा पाइप, सायकलच्या फ्रेमच्या नळ्या, शिल्पकाम. अॅल्युमिनियमसाठी डीसी मशीन घेतलेले लोक हमखास हिरमुसतात. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य थर दोन हजारांच्या पुढे. खालचा धातू पाणी होऊन जातो आणि वरचं कातडं तसंच. ते फोडायला दिशा बदलत राहणारा एसी प्रवाह लागतो, आणि एसी-डीसी मशीनची किंमत बरीच वरची.

वायूकडे येते. फोटोत टाकी भिंतीला नुसती टेकवलेली होती. तिच्या आत भरलेली असताना साधारण दीडशे बार दाब असतो. टाकी पडली आणि व्हॉल्व्ह मोडला तर ती कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. साखळीने बांधा, उभी ठेवा, नेताना वरची टोपी लावा. टेम्पोत आडवी टाकून, वर पाय ठेवून आणलेली टाकी मी आमच्याच रस्त्यावर पाहिली आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक दिवस वैतागून आला, “काकू, बघता का जरा? मशीनच खराब दिलंय.” टंगस्टनचं टोक क्षणात काळं पडून वाटोळं होत होतं, जोडावर काजळी, आत बारीक भोकं. त्याने अँपिअर बदलून पाहिले, व्हिडिओ पाहिले, मशीन परत करायची तयारी केली. मी टाकीवरची चिठ्ठी वाचली. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. दुकानात याने ‘वेल्डिंगचा गॅस’ मागितला होता आणि दुकानदाराने मिगचा, म्हणजे तार आपोआप पुढे येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या वेल्डिंगचा, दिला. टिगला शुद्ध आर्गॉनच हवा. आपल्याकडे त्याची टाकी निळी असते, पण रंगावर विसंबू नका, चिठ्ठी वाचा. आर्क पेटलेला असताना तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजनचा वाराही लागू द्यायचा नाही, सगळा खटाटोप त्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमानकंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत वापरात आणली, १९४२ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा जोडायचं होतं मॅग्नेशियम, हवेत पेट घेणारं, आणि वायू होता हेलियम.

किती दिवस पुरते टाकी? मोठी टाकी सात घनमीटरची, म्हणजे सात हजार लिटर. मिनिटाला आठ लिटर सोडलेत तर आर्क चालू असतानाचे चौदा-साडेचौदा तास मिळतात. दीड घनमीटरच्या छोट्या टाकीत तीन तासांपेक्षा थोडं जास्त. हौशी माणसाला छोटी आवडते, पण शिकतानाच ती निम्मी संपते. प्रवाह सहा ते दहा लिटर ठेवावा. जास्त सोडला की संरक्षण जास्त, हा गैरसमज आहे. कपातून वायू भोवरे करत निघतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आर्क विझल्यावरही पाच-आठ सेकंद टॉर्च तिथेच धरून ठेवा, तोवर वायू जोडाला आणि टंगस्टनला झाकत असतो. लोक घाईने हात उचलतात आणि शेवटच्या खळग्यात चीर पडते. फोटोत छताचा पंखा फिरत होता! मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण इलाज नाही. आणि जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की गच्चीवर टिग करायचा विचारसुद्धा करू नये. दुसरं टोक असं, की आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. तळघरात किंवा खोल टाकीत तो साचला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. काम संपलं की टाकीचाच व्हॉल्व्ह बंद करा, आणि सांध्यांना अधूनमधून साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

आमच्याकडे एक ज्येष्ठ वेल्डर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. नवीन मुलगा शिकायला आला की मामा त्याच्या हातात टॉर्च देत नसत, फडकं देत. “हात नंतर बघू. आधी पुसायला शीक.” मुलं रुसत. पण माझ्या टेबलावर जे जॉब नापास होऊन परत जात, त्यातले बहुतेक हाताच्या कसबापायी नव्हे, घाणीपायी जात. रॉडवरचं फ्लक्स, म्हणजे रसायनाचा लेप, थोडाफार गंज, थोडंफार तेल पोटात घालतं. टिगमध्ये फ्लक्स नसतंच, त्यामुळे जे पत्र्यावर आहे ते जोडात जातं. काळ्या पत्र्यावरची निळसर-काळी खपली ग्राइंडरने पार चकाकीपर्यंत काढायची, जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि मागूनही. मग अॅसिटोनने पुसायचं, ते वाळू द्यायचं, बाटली लांब ठेवायची. फिलरची तारसुद्धा पुसायची. फडकं काळं होतं ते बघा एकदा. गॅरेजमध्ये ब्रेक साफ करायचा स्प्रे असतो, तो मात्र वेल्डिंगच्या आसपास नको. काही स्प्रेंमध्ये क्लोरिनयुक्त द्रव असतो आणि आर्कच्या उष्णतेत व किरणांत त्यापासून फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. स्टेनलेससाठी तारेचा ब्रश स्टेनलेसचाच आणि वेगळा ठेवलेला. लोखंडावर फिरवलेला ब्रश लावलात तर महिन्याभरात ‘न गंजणाऱ्या’ स्टीलवर गंजाचे ठिपके उठतात. जीआय पाइप वेल्ड करायचा असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढा, तोही मास्क लावून. जस्ताचा धूर छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो.

टंगस्टनबद्दल थोडक्यात. लाल टोकाचं सगळीकडे मिळतं, त्यात थोरियम असतं आणि ते किरणोत्सारी आहे. टोक घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये. करड्या, सोनेरी किंवा निळ्या टोकाचं मागा, घरच्या कामाला काही कमी पडत नाही. जाडी १.६ मिलिमीटर. टोक घासताना रेघा लांबीच्या दिशेने यायला हव्यात, आडव्या नाहीत, नाहीतर आर्क भरकटतो. त्यासाठी वेगळी चाकी ठेवा. टंगस्टन वितळलेल्या धातूला टेकलं तर थांबा आणि पुन्हा घासा. ‘एवढं चालतंय की’ म्हणून पुढे रेटू नका. टॉर्च मशीनच्या ऋण बाजूला, क्लॅम्प धन बाजूला. उलटं लावलंत तर टंगस्टनच वितळून गोळा होतं.

पहिल्याच दिवशी तार हातात घेऊ नये. दोन मिलिमीटरच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याच्या पट्ट्या घ्या. धायरी-भोसरीकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटिंगचे तुकडे किलोवर मिळतात. नुसता टॉर्च धरून वितळलेला ठिपका पत्र्यावरून सरळ पुढे न्यायचा. टोक आणि पत्रा यांत टंगस्टनच्या जाडीएवढंच अंतर, टॉर्च किंचित मागे कललेला, कोपर टेबलाला टेकलेलं. ठिपक्याची रुंदी एकसारखी यायला लागली की दोन पट्ट्यांचे काठ बाहेरून कोनात जुळवून तारेविना जोडा. मग तार. तार ठिपक्याच्या पुढच्या काठाला टेकवायची, आर्कमध्ये खुपसायची नाही, आणि मागे घेताना तिचं गरम टोक वायूच्या पडद्याबाहेर काढायचं नाही. तारांचे नंबर असे: साध्या लोखंडाला ईआर ७०एस-२, ३०४ स्टेनलेसला ३०८एल, लोखंडाला स्टेनलेस जोडायचं तर ३०९एल.

आणि मग तपासा. हा माझा प्रांत. स्टेनलेसवरचा जोड सोनेरी, फार तर निळसर असावा. करडा-काळा पडला तर उष्णता जास्त झाली किंवा वायू कमी पडला. तिथलं क्रोमियम ऑक्साइडमध्ये गेलेलं असतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. मागच्या बाजूला साखरेच्या खड्यांसारखा खरखरीत काळा थर आला असेल तर मागून आर्गॉन दिलेला नव्हता. टाकीच्या आत असा खरखरीतपणा राहिला तर तिथे दूध अडकतं, धुऊन निघत नाही, आणि जंतूंना घर मिळतं. आम्ही त्यावर अख्खी सीम कापायला लावत असू. काळेपणा घालवायची पिकलिंग पेस्ट घरी आणू नका, तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच मात्र जरूर घ्या. साफ करा, लाल रंग लावा, थांबा, पुसा, मग पांढरी पावडर मारा. जिथे चीर किंवा भोक आहे तिथून लाल रंग पांढऱ्यावर फुटून येतो. आमच्या शेजारच्या मुलाला वेल्डिंगपेक्षा यातच जास्त रस वाटायला लागलाय, आणि मला त्याची तक्रार नाही.

काही कामं घरी करायचीच नाहीत. मोटरसायकलची पेट्रोलची टाकी, कितीही धुतली तरी. प्रेशर कुकर. गॅसची शेगडी किंवा तिची नळी. कसलंही रसायन येऊन गेलेलं पिंप. आणि सायकलची फ्रेम घडवलीत तर तिच्यावर बसून लगेच सिंहगड रोडच्या गर्दीत शिरू नका.

हे सगळं हाताखाली घेऊन शिकवणारं ठिकाण नोकरदार माणसाला पुण्यात सहज सापडत नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो पूर्णवेळ आणि पोटापाण्यासाठी येणाऱ्या मुलांचा, त्यांच्या जागा हौशी लोकांनी अडवू नयेत. पण रविवारी या शाळा बंद असतात. बूथ, काळे पडदे, धूर खेचणारे पंखे, टाक्यांचा सांगाडा, सगळं असतं आणि कुलूप असतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळकरी मुलामुलींच्या हाती अशी कामं दिली. पुणे शहरात मोठ्यांसाठी निदान रविवारची एक बॅच काढायला काय हरकत आहे? फी घ्या, विमा उतरवा, वायूचे पैसे वेगळे लावा, लोक देतील. एक बॅच बायकांचीही ठेवा आणि हातमोजे लहान मापाचे आणा. बाजारात मिळतात त्यांत माझी अख्खी मूठ फिरते आणि तार बोटांत सरकत नाही. शिकवायला भोसरी-चिंचवडचे निवृत्त वेल्डर आहेत, घरी बसून कंटाळलेले. मामांना मी विचारून ठेवलं आहे. रविवारी सकाळी अकरापर्यंत चालेल म्हणाले, त्यानंतर त्यांना जेवून झोपायचं असतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त तपासनीस, सहकारनगर, पुणे